अप्पांच्या समाधीवरची हिरवळ

प्लास्टिकच्या गवताला पाणी लागतं. हे मी गिऱ्हाइकाला सांगितलं की तो आधी हसतो आणि मग माझ्याकडं असं बघतो, की ही बाई आपल्याला टोपी घालायलीय. पाणी वाचावं म्हणून तर हे घेतलं ना बाई, असं वर ऐकवतो. मी वाद घालत नाही. भर दुपारी चप्पल काढून त्याच्यावर उभं राहा म्हणते. जो उभा राहतो तो पुन्हा बोलत नाही. ऊन चढलं की ते गवत तव्यासारखं तापतं. लग्नाची माणसं यायच्या आधी त्यावर फवारा मारून ते निववावं लागतं, नाहीतर लेकरं रडतात, म्हातारी माणसं पाय झटकत खुर्ची शोधतात, आणि सगळे मिळून आमच्या नावानं बोटं मोडतात.

लातूरला आमचा हाच धंदा. हे गवत, ज्याला सगळे टर्फ म्हणतात, ते अंथरायचं, फाटलं की सांधायचं, दबलं की ब्रशनं पुन्हा उभं करायचं. मी मूळची शिवणकामवाली. आमचे हे मंडपवाले. आधी ते मंगल कार्यालयांत हिरवी जाजमं अंथरायचे, मग हे गवत आलं. पहिल्या पहिल्यांदा त्यांच्या हातचे जोड उघडे पडायचे, वऱ्हाडी ठेचकाळायचे, आणि घरी आल्यावर तो राग माझ्या भाजीवर निघायचा. एकदा वैतागून म्हटलं, दाखवा मला काय एवढं अवघड आहे ते. बघते तर मखमल बेतावी तसाच प्रकार. मखमलीला लव असते, ह्या गवतालाही असते. एक पट्टा इकडं झुकलेला आणि शेजारचा तिकडं, असं झालं की एकाच रोलचे दोन रंग दिसतात. त्या दिवसापासून जोडाचं काम माझ्याकडं आलं, आणि ब्लाऊज बेतणारी बाई कार्यालयांच्या अंगणांत गुडघ्याखाली पोतं घेऊन बसायला लागली. पोतं नसेल तर गुडघ्याची साल निघते.

कामात कटकटी भरपूर. हे प्लास्टिक उन्हानं फुगतं आणि पहाटे आखडतं. दुपारी बेतलं तर सकाळी जोडात फट दिसते, म्हणून कापाकापी उजाडतानाच करायची. नांदेडला तर वेगळीच तऱ्हा. मृग जवळ आला की तिकडं ढग दाटतात, घामानं अंग चिकचिकतं, पाऊस मात्र येत नाही, आणि त्या दमट हवेत जोडाखालच्या पट्टीचा डिंक सुकतच नाही. वर विटा ठेवून राखण करत बसा. खाली ओल कोंडली की कुबट वास मारतो, मग अख्खा पट्टा उलटा करून वाळवा. त्यात मंडपाची पोरं सरळ गवतातून लोखंडी खुंट्या ठोकतात. आणि अक्षता. आमच्याकडं अक्षतांना ज्वारी घेतात, कुंकवात रंगवून. ती पात्यांच्या बुडाशी जाऊन बसते आणि फवारा पडला की फुगते. एका कार्यालयात प्लास्टिकच्या गवतातून वर आलेले ज्वारीचे कोंब मी माझ्या हातानं उपटलेत. मालक म्हणाला, तुमच्या मालातच बी असणार. काय बोलणार अशा माणसाला.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. लातूरच्या नळांना पाणी येणं थांबलं. बाहेरगावाहून पाणी आणून शहराला पाजायची वेळ आली. जिथं जिथं खरी हिरवळ होती तिथं ती जळून तांबडी झाली, आणि सगळ्यांना एकदम प्लास्टिकची आठवण झाली. कार्यालयवाले, बंगलेवाले, शाळावाले, आमचा फोन दिवसभर वाजायचा. पाण्याच्या रांगेत शेजारीण माझ्यामागं घागर घेऊन उभी असायची. म्हणायची, तुमचं बरंय बाई, पाऊस नाही पडला की तुमची दिवाळी. ती चेष्टा करत होती, पण मला ते लागायचं. कारण खोटं नव्हतं. तिच्या घरची नारळाची झाडं वाळली त्याच महिन्यात आम्ही नवा टेम्पो घेतला.

त्याच्या आदल्या वर्षी अप्पा गेले होते. अप्पा म्हणजे माझे वडील, आणि आई ती अव्वा. आमचं गाव जळकोटच्या बाजूचं. तिथून उदगीर जवळ, आणि पुढं कर्नाटकाची हद्द फार लांब नाही, म्हणून आमच्या घरात असे शब्द. आम्ही शिवाला मानणारे, गळ्यात लिंग बांधणारे. आमच्यात माणूस गेला की त्याला जाळत नाहीत. बसवतात. ध्यानाला बसावं तशी मांडी घालून, विभूती लावून, बेल वाहून, आपल्याच शेताच्या कडेला मातीत. अप्पांनाही विहिरीच्या वरच्या बांधाला तसंच बसवलं. अव्वा कधी ते गेले असं म्हणाली नाही. त्येनला बसवलं, असं म्हणायची, आणि बसलेल्या माणसाची सोय बघावी तशी त्यांची सोय बघायची.

समाधीच्या मातीवर तिनं हराळी लावली. अप्पांनी उभा जन्म शेतातली हराळी खणून काढण्यात घातला होता. मी तिला चिडवलं, अगं ते रागावतील तुला. ती म्हणाली, "रागावून कुठं जायलेत आता." आणि पदर तोंडाला लावून हसली. तेव्हा विहिरीला पाणी होतं. हराळी अशी दाट झाली, की बांधावरून चालताना लांबून अप्पांची जागा दिसायची.

पुढच्या वर्षी पाऊस दडी मारून बसला तो बसलाच. विहीर तळाला गेली, मग बोअरही गेला, आणि गावाला टँकर सुरू झाला. घरटी मोजक्या घागरी. अव्वा सकाळी लिंगाची पूजा करायची आणि मग तांब्या घेऊन बांधावर जायची. हराळी पिवळी पडायला लागली तसे तांब्ये वाढले. एक दिवस धाकट्या भावाचा फोन आला. तो गावीच असतो, शेती बघतो, अव्वा त्याच्याजवळ. म्हणाला, "अक्का, अव्वा पाणीच पिईना गेली. तिच्या वाटणीचं समदं अप्पाला घालायलीय. आमच्यातलं दिलं तर तेबी घेऊन जाती."

बांधावरून येताना तिला चक्कर आली होती. लघवीला जळजळ होत होती, ते तिनं किती दिवस कुणाला सांगितलंच नव्हतं. भावानं उदगीरला दवाखान्यात नेलं, मीही लातूरहून गेले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की पाणी कमी पडून किडन्यांवर ताण आलाय. आज्जींनी दिवसभर थोडं थोडं पाणी प्यायलंच पाहिजे, नाहीतर पुढं अवघड होईल. अव्वानं ते सगळं ऐकलं, हं हं म्हणाली. घरी पोचल्यावर पिशवी खाली ठेवली, माठातून तांब्या भरला आणि सरळ दाराबाहेर.

मी तिच्या मागं गेले. माझं डोकं फिरलं होतं.

"अव्वा, पाणी माती पिती. अप्पा पीत नाहीत."

"तुला काय ठाव."

"डॉक्टर काय म्हणाले ते कानात गेलं का न्हाई?"

"डॉक्टर जित्या माणसाचं बगतो," ती म्हणाली आणि समाधीच्या डोक्याशी बारीक धार धरली. एका जागी ओतत नव्हती. लेकराला न्हाऊ घालावं तसं हात फिरवत फिरवत घालत होती.

मी म्हटलं, लातूरला चल माझ्याकडं. तर म्हणे तुझ्याकडं तर नळ कोरडे पडलेत, तूच सांगतीस. आणि मी आल्यावर हितं त्येनला कोण घालंल? भाऊ घालेल म्हटलं. त्यो इसरतो, म्हणाली. हे खरं होतं. ती तशीच उकिडवी बसून राहिली, ओठ सुकून पांढरे पडलेले. ही अशानं मरणार, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि मी ते भावालाही बोलले नाही.

परतताना एसटीत बसल्या बसल्या मला ती अक्कल सुचली. एवढी वर्षं मी दुनियेची अंगणं हिरवी करते, माझ्या बापाचं एवढंसं अंगण मला करता येत नाही? हराळीसाठीच पाणी जातंय ना, मग हराळीच नको. आमच्याकडं एका शाळेच्या कामातून उरलेला तुकडा होता, उंच पात्यांचा, दाट, भारीतला. आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणाले, "विचारायलीस काय, बापाला घालायलीस ना, घेऊन जा."

मी मुक्कामाला गेले आणि सकाळी उजाडता उजाडता काम धरलं. वाळलेली हराळी खरवडली, माती चोपून सारखी केली. समाधी गोलसर, तेव्हा कडेला कळ्या कळ्या कापून बसवाव्या लागल्या, घेरदार परकराला कापतात तशा. अव्वा ज्या वाटेनं येते त्या बाजूला पाती झुकतील अशी लव ठेवली, म्हणजे येताना तिला भरघोस दिसावं. एकही जोड दिसत नव्हता. एवढं चांगलं काम मी कुठल्याच कार्यालयात केलं नसेल. अव्वा शेजारी दगडावर बसून बघत होती. झाल्यावर उठली आणि तळहात फिरवला. सकाळची वेळ, गवत गार होतं.

"मऊ हाय की गं," ती म्हणाली.

"आणि ह्याला पाणी लागत नाही, अव्वा. कधीच नाही."

"कदीच न्हाई?"

"कदीच न्हाई."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. खरं सांगते, मला जग जिंकल्यासारखं झालं.

त्यानंतर भावाचे फोन चांगले यायला लागले. अव्वा पाणी पिते. अव्वा दोन घास जास्त खाते. सकाळी बेल ठेवून येते, बस. गावातली माणसं बघायला यायची, एकानं तर आमच्याबी म्हाताऱ्यावर घाला म्हणून निरोप धाडला. अव्वाची पुन्हा तपासणी केली तर डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे, असंच चालू ठेवा. मी निर्धास्त झाले. कामं तुंबली होती. नांदेडला एका हॉटेलच्या गच्चीवरचं गवत धूळ आणि तेलकट हातांनी दबून चटईसारखं सपाट झालं होतं, ते धुवायचं, विंचरायचं, पाती उभी राहावीत म्हणून त्यांच्या बुडाशी नवी रेती भरायची. त्यात सगळा महिना गेला आणि वैशाख लागला.

त्याच सुमारास उदगीर जिल्हा होणार म्हणून पुन्हा हवा उठली. अशी हवा आमच्या लहानपणापासून उठतेच आहे, पण त्या वर्षी लोक पेटले होते. उदगीर जिल्हा झाला की आमचं जळकोट त्यात जाणार. माझा भाऊ त्या मंडळींत पुढं. जिल्हा झाला की कचेऱ्या येतील, पाण्याच्या योजना येतील, लातूरला हेलपाटे बंद. अव्वा त्याला म्हणायची, "जिल्हा झाला म्हणून आड भरतंय व्हय रे." तो चिडायचा. मग कुणी पुढारी जळकोटला येणार, बहुतेक घोषणाच करणार, असं ठरलं आणि चौकातल्या स्वागताची हिरवळ अंथरायचं काम भावानं आम्हाला मिळवून दिलं.

आम्ही सकाळी अंथरून मोकळे झालो. पण कार्यक्रम रेंगाळला, ऊन वर आलं, आणि मंडळींच्या लक्षात आलं की हारतुऱ्याच्या आधी चौकातल्या पुतळ्यापाशी चपला काढाव्या लागतील. मी म्हटलं, तापणार, फवारा मारावा लागेल. म्हणायचा अवकाश, कुठून तरी टँकरच आणून उभा केला. पाइप माझ्याच हातात दिला. मी मारत होते आणि चौकाच्या कडेला बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. एकीनं वाहून आलेल्या पाण्याच्या ओघळात फडकं भिजवून डोक्यावर घेतलं. मला कुठं तोंड लपवू असं झालं, पण पाइप बंद केला नाही. पुढारी आलेच नाहीत. दुपारी निरोप आला की दौरा रद्द. सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसली गेली, आणि माझा भाऊ चपला काढून त्या ओल्या प्लास्टिकवर सुन्न उभा राहिला.

घर तिथून जवळ, तेव्हा अव्वाला भेटून यावं म्हणून मी गेले. घरात ती नव्हती. भावजय चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि रडायलाच लागली. म्हणाली, "अक्का, तुमास्नी सांगू नको म्हणून शपथ घातली हुती. आता तांब्या न्हाई, घागर नेत्यात. भर दुपारी जातेत."

मी तशीच बांधाकडं पळत गेले. लांबून मला आधी तिचं लुगडंच दिसलं. चार काठ्या रोवून तिनं आपलं जुनं लुगडं समाधीवर सावलीला बांधलं होतं. खाली अव्वा बसलेली. घागर कलंडलेली, रिकामी. आणि ती आपला ओला पदर गवतावर पसरून, दोन्ही हातांनी दाबत दाबत सरकवत होती, ताप आलेल्याच्या कपाळावर पट्टी ठेवतात तशी.

मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. तुला मरायचंय का, म्हटलं. आमच्या जिवाला घोर लावलायस, म्हटलं. हे प्लास्टिक आहे, ह्याला तहान लागत नाही, किती वेळा सांगू. तिनं मला बोलू दिलं. माझा दम संपल्यावर तिनं माझं मनगट धरलं. तिच्या अंगात एवढी ताकद कुठून आली कुणास ठाऊक. पदर बाजूला सारला आणि माझा तळहात त्या गवतावर दाबून धरला.

जिथं पदर पोचला नव्हता तिथं हात ठेववत नव्हता. माझे हात घट्टे पडलेले, तरी मी ओढून घ्यायला बघत होते. ती सोडत नव्हती.

"त्या पुढाऱ्याच्या पायाला चटका बसू नये म्हणून टँकर ओतलास म्हणं," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. चौकातून गावात परतलेल्या कुणीतरी तिला सांगितलं असणार. "मग तुझा बाप ह्याच्या खाली बसलाय, त्याचं गं?"

मी हात ओढायचा थांबवला.

"आपल्यात माणसाला जाळत न्हाईत," अव्वा म्हणाली. "आपन मातीत बसवतो. गारव्याला. तू त्येनला रोज जाळायलीस."

मी तिथंच बसले. मग उठले, आणि कडेचे खिळे हातानं उपटायला लागले. हत्यारं जळकोटला टेम्पोत होती. नखं मोडली, बोटांना रक्त आलं, पण थांबवत नव्हतं. एवढे पक्के जोड मीच केलेले, ते सुटेनात. अव्वाही दुसऱ्या बाजूनं ओढायला लागली. आम्ही दोघी मायलेकी रडत रडत ते गवत सोलून काढत होतो. खाली माती भाजल्यासारखी कोरडी, वर तडे. एवढं पाणी तिनं घातलं होतं, ते गवताच्या पाठीला असलेल्या रबरावरून घसरून बाजूच्या ढेकळांत गेलं होतं. बारकी भोकं असतात त्याला, पाणी झिरपायला. धुळीनं ती बुजतात, ती मोकळी करायची असतात. इतरांकडं आम्ही करतो. मोकळ्या मातीवर अव्वानं हात ठेवला, आणि मग तिथंच कुशीवर पडली. मला वाटलं जवळ पडलीय त्यांच्या. हाक मारली तर ओ देईना.

उदगीरहून तिला नांदेडला पाठवलं. मोठ्या दवाखान्यात रक्त शुद्ध करायच्या मशिनीवर घातलं. ती शुद्धीवर आली, माणसं ओळखायला लागली, आम्हाला वाटलं सुटलो. तिथले डॉक्टर तरुण होते, चांगले होते, नीट समजावून सांगायचे. त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, की ह्यांना आता पाणी द्यायचं नाही. किडन्या काम करत नाहीत, शरीरातून पाणी बाहेरच पडत नाही. जास्त दिलं तर छातीत साठेल आणि श्वास कोंडेल. औषधापुरता घोट, आणि ओठ ओले करायचे, बस.

मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, तुमच्यासारख्याच डॉक्टरांनी हिला पाणी पाजा, पाणी पाजा म्हणून सांगितलं होतं. ते म्हणाले, "ते तेव्हा बरोबर होतं, मावशी. हे आता बरोबर आहे."

आणि आता अव्वाला तहान लागली. एवढ्या दिवसांची सगळी तहान तिला त्या खाटेवर लागली. नांदेडची ती चिकट गरमी, वर पंखा नुसताच फिरतोय, आणि अव्वा पाणी मागतेय. जन्मात तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. लुगडं नको, डबा नको, तुझं तू बघ. आता म्हणायची, पाणी दे गं. मी कापसाचा बोळा भिजवून ओठांवर फिरवायची, तर ती तो दातांत धरून चोखायची, सोडायचीच नाही. मला तो ओढून काढावा लागायचा. डॉक्टर नको म्हणतात अव्वा, असं सांगितलं की ती माझ्याकडं बघत राहायची. पटायचं नाही तिला. भावानं तर तिच्यासमोर यायचंच सोडलं, बाहेर व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून बसायचा.

एक दिवस दुपारी खोलीबाहेर कुणीतरी बाटल्या भरत होतं. पाणी पडल्याचा आवाज आत येत होता. अव्वानं डोळे उघडले, कान दिला, आणि मग मान माझ्याकडं वळवली. तिच्या तोंडावर राग नव्हता. उलट मलाच समजून घ्यावं असं काहीतरी होतं.

"हितं बी टँकर आला न्हाई का गं?" तिनं विचारलं.

माझ्या पिशवीत भरलेली बाटली होती. मी पिशवी पायानं खाटेखाली सरकवली.

"न्हाई अव्वा," मी म्हटलं. "आज आला न्हाई."

तिनं मान हलवली. हे तिला लगेच पटलं.

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "असंल तेवढं लेकरांस्नी ठिव."

त्यानंतर तिनं पाणी मागितलं नाही.